व्हर्मीरची मुलगी, दोन गिल्डर आणि मेंदूचा स्कॅन

ऑक्टोबर २०२४मध्ये नेदरलँड्समधल्या द हेग शहरातून एक बातमी जगभर पसरली. तिथल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात योहानस व्हर्मीरने काढलेलं, साधारण १६६५ सालचं, मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं चित्र आहे. संग्रहालयाने एक पाहणी करवून घेतली. काही प्रेक्षकांच्या डोक्याला मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारे इलेक्ट्रोड लावले, नजर कुठून कुठे जाते हे नोंदवणारी उपकरणं दिली आणि त्यांना मूळ चित्रं व त्यांची पोस्टरं दाखवली. मूळ चित्रापुढे भावनिक प्रतिसाद पोस्टरच्या दहा पट असतो, असा निष्कर्ष जाहीर झाला. या मुलीच्या चित्रात तर प्रेक्षकाची नजर डोळे, मग ओठ, मग मोती आणि पुन्हा डोळे अशी फिरत राहते आणि मेंदूच्या मागच्या बाजूचा प्रीक्युनिअस नावाचा भाग विशेष जागा होतो, असंही सांगण्यात आलं.

अस्सल कलेची जादू विज्ञानाने सिद्ध केली, असा अर्थ बहुतेकांनी घेतला. पण याच चित्राच्या आणि याच संग्रहालयाच्या इतिहासातल्या दोन गोष्टी बातमीशेजारी ठेवून पाहाव्यात.

१८८१ साली हे चित्र द हेगमधल्याच एका लिलावात आलं होतं. अवस्था वाईट, चित्रकार कोण याचा पत्ता नाही. दोन गिल्डर (गिल्डर हे तेव्हाचं डच चलन) आणि वर तीस सेंट दलाली, एवढ्यात ते गेलं. घेणाऱ्याने पुढे मृत्युपत्रात ते मॉरित्सहाउसच्या नावे केलं, म्हणून आज ते तिथे आहे.

दुसरी गोष्ट अब्राहम ब्रेडियस यांची. हे गृहस्थ वीस वर्षं याच मॉरित्सहाउसचे संचालक होते आणि डच चित्रकलेतला त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. १९३७ साली त्यांच्यापुढे येशूच्या जीवनप्रसंगाचं एक चित्र आलं. ही व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी ते घेतलं गेलं. प्रत्यक्षात ते हान व्हान मेगरेन नावाच्या हयात चित्रकाराने रंगात बेकलाइटसारखं राळद्रव्य मिसळून, कॅनव्हास भट्टीत भाजून, जुनं दिसेल असं तयार केलं होतं. युद्ध संपल्यावर नाझी नेता गोअरिंगला व्हर्मीरचं चित्र विकून राष्ट्राचा ठेवा शत्रूच्या हाती दिल्याच्या आरोपावरून मेगरेनला अटक झाली. तेव्हा त्याने कबूल केलं, की तो ठेवा त्याच्या स्वतःच्याच हातचा होता. पटावं म्हणून पहाऱ्यात बसून त्याने आणखी एक चित्र तशाच शैलीत काढून दाखवलं.

अस्सल चित्रापुढे मेंदू दहा पट जागा होत असेल, तर १८८१च्या लिलावात बसलेल्यांचे मेंदू काय करत होते? आणि जन्मभर डच चित्रं पाहिलेल्या ब्रेडियस यांचा?

तत्त्वज्ञानाचा इथे काय संबंध

कलेचं तत्त्वज्ञान, म्हणजे सौंदर्यशास्त्र, विचारतं ते प्रश्न तसे घरगुतीच असतात. कशाला कला म्हणायचं? ‘हे चित्र चांगलं आहे’ या वाक्यात ‘मला आवडलं’ याहून जास्त काही असतं का? हुबेहूब नक्कल मूळ चित्राइतकीच चांगली का मानायची नाही? रंगमंचावर कोणी खरोखर मरत नाही हे पक्कं ठाऊक असताना डोळ्यांत पाणी का येतं?

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७मध्ये आवडीनिवडीच्या गोंधळातून एक वाट काढली. ज्याची नजर सूक्ष्म आहे, ज्याने पुष्कळ पाहिलं आहे, पाहिलेलं ताडून पाहिलं आहे आणि ज्याच्या मनात पूर्वग्रह नाही, त्या जाणकाराचा कौल मानावा. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९०मध्ये म्हटलं, की एखादं पेय मला गोड लागतं असं आपण म्हणतो तेव्हा दुसऱ्याला ते तसं लागावं असा आग्रह नसतो. पण ‘सुंदर’ म्हणतो तेव्हा इतरांनीही ते मान्य करावं अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

प्रयोगाने उत्तर शोधण्याचा प्रयत्नही जुना आहे. १८७१मध्ये ड्रेस्डेन शहरात जर्मन चित्रकार होल्बाइनच्या एकाच मॅडोनाची, म्हणजे मेरीमातेची, दोन चित्रं शेजारीशेजारी टांगली होती. अस्सल कोणतं यावर तज्ज्ञांचं भांडण चाललेलं. गुस्ताव फेख्नर या शास्त्रज्ञाने तिथे वही ठेवली आणि कोणतं चित्र जास्त सुंदर वाटतं ते येणाऱ्यांनी लिहावं, अशी विनंती केली. प्रयोग फसला, कारण लिहिलं फारच थोड्यांनी. पण लोक आणि तज्ज्ञ पिढ्यान्‌पिढ्या ज्या ड्रेस्डेनच्या प्रतीपुढे भारावून उभे राहत आले होते, तीच नक्कल ठरली.

या सगळ्या खटाटोपावर तत्त्वज्ञांचा मूळ आक्षेप लुडविग विटगेनश्टाइन यांनी १९३८च्या केंब्रिजमधल्या व्याख्यानांत मांडला आणि १९६२मध्ये जॉर्ज डिकी यांनी तो नव्याने लढवला. मानसशास्त्र एखाद्या अनुभवाचं कारण शोधतं. सौंदर्यशास्त्राला मात्र निर्णयाचं समर्थन हवं असतं. गाणं का आवडलं या प्रश्नाला ‘मेंदूत अमुक रसायन वाढलं म्हणून’ हे उत्तर खरं असू शकतं, पण विचारणाऱ्याला हवं असतं ते गाण्याबद्दलचं काहीतरी.

मला हा आक्षेप निम्मा पटतो. तत्त्वज्ञ समर्थन देताना माणसाच्या मनाबद्दल पुष्कळ गोष्टी गृहीत धरतात: पाहिलेलं पाहून नजर तयार होते, अभिजात कृती काळाच्या कसोटीवर टिकते, अस्सल आणि नकली यांचा अनुभव वेगळा असतो. ही विधानं तपासता येतात, आणि जे तपासता येतं ते तपासून न पाहणं हा आळस झाला.

यंत्र मोजतं काय

मेंदूवरच्या बातम्यांत रंगीत ठिपक्यांचं जे चित्र दिसतं, ते बहुतेक वेळा एफएमआरआय या तंत्राने काढलेलं असतं. एमआरआयच्याच यंत्रात माणसाला झोपवतात आणि समोर चित्रं दाखवतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं, प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त जातं, आणि हा रक्तातला बदल यंत्र टिपतं. चेतापेशींचं काम ते थेट पाहत नाही. रक्ताला पोचायला काही सेकंद लागतात आणि नकाशावरच्या एका बारीक ठिपक्यातही लाखो पेशी येतात.

सोसायटीच्या मीटररूममध्ये उभं राहून कोणत्या फ्लॅटचा मीटर जोरात फिरतोय हे पाहण्यासारखं हे आहे. तिसऱ्या मजल्यावर वीज जास्त जातेय हे नक्की कळतं. पण तिथे इस्त्री चालू आहे, गीझर चालू आहे की पुरणासाठी मिक्सर, हे मीटर सांगत नाही. आणि पुरण जमलंय का, हे तर नाहीच नाही.

अमुक भाग जागा झाला म्हणजे माणसाला अमुकच वाटलं असणार, असा उलटा निष्कर्ष काढणं किती धोक्याचं आहे, हे मेंदूशास्त्रज्ञ रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६मध्ये दाखवून दिलं. आकडेमोडीत ढिलाई केली तर काय होतं याचा नमुना २००९मध्ये आला. काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि नेहमीची एक सांख्यिकी काळजी मुद्दाम घेतली नाही. मेलेल्या माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! या प्रयोगाला पुढे इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

सौंदर्याचं केंद्र सापडलं का

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले सेमिर झेकी हे दृष्टीचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ. मेंदूविज्ञानातून कलेकडे पाहणाऱ्या शाखेला न्यूरोएस्थेटिक्स हे नाव त्यांच्यामुळे मिळालं. २००४मध्ये हिदेआकी कावाबाता आणि झेकी यांनी दहा जणांना स्कॅनरमध्ये चित्रं दाखवली. ज्याला जे चित्र सुंदर वाटलं, त्या वेळी कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेला मेंदूचा भाग अधिक कामाला लागला. पुढे संगीतातही तेच दिसलं. २०१४मध्ये तर झेकी आणि सहकाऱ्यांनी गणितज्ञांना सूत्रं दाखवली. ऑयलरचं प्रसिद्ध समीकरण सर्वांत सुंदर ठरलं, आणि सर्वांत कुरूप म्हणून ज्याची नोंद झाली ती होती आपल्या रामानुजन यांची, पायच्या व्यस्ताची अनंत मालिका. (सूत्र बघाल तर त्या गणितज्ञांना फार दोष देववणार नाही.) सुंदर सूत्र पाहतानाही मेंदूचा तोच भाग पुढे होता.

सौंदर्याचं घर सापडलं म्हणायचं का? २००८मध्ये कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला. स्कॅनरमधल्या लोकांना नळीतून वाइन चाखायला दिली आणि किंमत सांगितली. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. महाग सांगितली तेव्हा ती जास्त चवदार लागली, आणि जास्त जागा झाला तो डोळ्यांमागचा हाच भाग. एखादी गोष्ट आपल्याला किती मोलाची वाटते याचा हिशेब मेंदू इथे ठेवतो, असं बहुतेक संशोधक मानतात. चित्र, सूत्र, दारू, सगळं एकाच वहीत.

मराठी वाचकाला यात जुना वाद ओळखू येईल. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) लिहिताना कलाविचाराचे दोन ध्रुव मांडले. कलेचा अनुभव रोजच्या जगण्यातल्या अनुभवांच्याच जातीचा, हा लौकिकतावाद; तो सर्वस्वी वेगळा, स्वतःच्याच नियमांनी चालणारा, हा अलौकिकतावाद. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची मांडणी करणारे मर्ढेकर दुसऱ्या बाजूचे. वाइनचा प्रयोग वाचून लौकिकतावाद्यांनी पेढे वाटायला हरकत नाही.

पण थोडं थांबून. २०१२मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड व्हेसेल आणि सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी चित्रं दाखवली आणि कोणतं किती भिडलं ते एक ते चार अशा श्रेणीत विचारलं. दृष्टीशी संबंधित भागांतला प्रतिसाद श्रेणीबरोबर थोडाथोडा वाढत गेला. पण आपण स्वतःच्या विचारांत गढलेले असताना चालू असणारं आणि बाहेरच्या कामात लक्ष घातलं की सहसा मंदावणारं मेंदूतलं जे एक जाळं आहे, ते फक्त चार गुण मिळालेल्या चित्रांच्या वेळी उसळलं. एक, दोन, तीनला नाही. ‘बरं आहे’ आणि ‘हे थेट आत गेलं’ यांत पायऱ्यांचा नव्हे तर जातीचा फरक असावा, असं यातून वाटतं. शिवाय कोणतं चित्र कोणाला भिडलं यात माणसामाणसांत फारच थोडी एकवाक्यता होती. कांटच्या अपेक्षेला हे जड जातं.

डोळ्यांपुरतं विज्ञान पक्कं आहे

हा भाग मला सर्वांत निर्विवाद वाटतो. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ सालच्या बंदरावरच्या सूर्योदयाबद्दल जे दाखवलं ते तुम्ही आत्ता करून पाहू शकता. मोबाइलवर ते चित्र उघडा. करड्या-निळ्या धुक्यात नारिंगी सूर्य थरथरतोय असं वाटतं. आता एडिटमध्ये जाऊन चित्रातले रंग पूर्ण काढून टाका. सूर्य जवळजवळ गायब होतो! मोनेने सूर्य आणि आजूबाजूचं आकाश यांचा उजेड सारखा ठेवला आहे, फरक फक्त रंगाचा. वस्तू कुठे आहे आणि हलते का, हे ठरवणारा मेंदूतला जुना मार्ग मुख्यतः उजेडाच्या फरकावर चालतो आणि रंगाच्या बाबतीत जवळपास आंधळा आहे. त्याला सूर्याची जागा पक्की सापडत नाही. रंग ओळखणाऱ्या दुसऱ्या मार्गाला सूर्य लख्ख दिसतो. दोघांचं जमत नाही, आणि सूर्य थरथरतो.

मोनालिसाचं हसूही असंच. नजरेच्या मध्यभागी बारीक तपशील दिसतो, कडेला ढोबळ छाया. ते हसू प्रामुख्याने ढोबळ छायांत आहे. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं की ओठ कडेला जातात आणि ती हसते. ओठांकडे पाहावं तर हसू विरतं.

चित्रकार मेंदूचे कायदे न वाचता वापरत आले, हे यातून कळतं. मात्र समान उजेडाची ही युक्ती डोळे दिपवणाऱ्या कुठल्याही जाहिरातीतही वापरता येते, त्यामुळे मोने मोठा का, याचं उत्तर तिच्यात नाही.

इथेच मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि तत्त्वज्ञ विल्यम हर्स्टाइन यांचं घोडं अडलं. १९९९मध्ये त्यांनी कलेचे आठ नियम मांडले. सर्वांत गाजला तो अतिशयोक्तीचा. कुरव पक्ष्याची पिल्लं आईच्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोचा मारून अन्न मागतात. निको टिनबर्गेन यांनी त्यांच्यापुढे तीन लाल पट्टे ओढलेली नुसती काडी धरली, तर पिल्लं तिच्यावर आईच्या चोचीपेक्षा जास्त तुटून पडली. रामचंद्रन गमतीने म्हणतात, की कुरवांनी कलादालन काढलं तर ते ही काडी टांगतील आणि तिच्यासाठी लाखो डॉलर मोजतील. चोळकालीन कांस्यमूर्तीतली पार्वती त्यांच्या मते अशीच: स्त्रीदेहाचं वळण वाढवून, घोटून मांडलेलं.

यावर जॉन हायमन या तत्त्वज्ञांनी केलेली टीका बोचरी आणि बरोबर आहे. हा सिद्धांत आकर्षक देहाबद्दल काही सांगतो, कलेबद्दल नाही. तीच अतिशयोक्ती गॅरेजमधल्या कॅलेंडरवरही असते. आणि व्हर्मीरच्या मुलीत काय वाढवून दाखवलंय? काहीच नाही. रामचंद्रन यांचं मेंदूवरचं इतर काम अव्वल दर्जाचं आहे. इथे मात्र एका चांगल्या निरीक्षणावर त्यांनी फार मोठा इमला चढवला.

समेची वाट

संगीतातला एक प्रयोग मला जास्त उपयोगाचा वाटतो. २०११मध्ये माँट्रियलमध्ये व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं. डोपामीन हे इच्छा आणि बक्षीस यांच्याशी निगडित रसायन दोनदा स्रवलं: एकदा तो क्षण येण्याच्या काही सेकंद आधी, मेंदूच्या एका भागात, आणि पुन्हा प्रत्यक्ष क्षणी, दुसऱ्या भागात. म्हणजे वाट पाहणं हासुद्धा आनंदाचाच भाग.

हा प्रयोग आपल्या रागसंगीतावर झालेला नाही, तेव्हा पुढची जोडणी माझी. त्रितालातली बैठक आठवा. तबलजी तिहाई उचलतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायला घेतो. पहिला तुकडा, दुसरा तुकडा. पुढच्या रांगेतले लोक किंचित पुढे झुकतात, एकाचा हात मांडीवरून वर उठलेला असतो. तिसरा तुकडा सोळाव्या मात्रेवरून सरळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडतो, दहा माना एकदम हलतात आणि ‘क्या बात है’ निघतं. शेजारी बसलेला, ताल न कळणारा पाहुणा एक क्षण उशिरा हसतो, कारण बाकीचे हसले. त्याचा कान ठीक आहे. त्याला सम कुठे येणार हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे वाट पाहायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

जाण ही आनंदाला मागाहून लावलेली पुरवणी नाही, ती आनंद तयार होण्यातच असते. २००५मध्ये लंडनमध्ये बॅले नर्तक आणि ब्राझीलमधल्या कापोएराचे नर्तक यांना दोन्ही नृत्यांच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा स्वतःचं शरीर ज्यात तयार झालं त्याच नृत्याच्या हालचाली पाहताना प्रत्येकाच्या मेंदूतले हालचालींशी जोडलेले भाग जास्त जागे झाले. आणि २०१६मध्ये बोलिव्हियातल्या ॲमेझॉन खोऱ्यात राहणाऱ्या चिमाने लोकांना पाश्चात्त्य कानाला गोड आणि कर्कश वाटणारे स्वरमेळ ऐकवले, तर त्यांना दोन्ही सारखेच वाटले. काही स्वरमेळ मुळातच, जन्मतःच गोड, हे शतकानुशतकं मानलं गेलेलं मत तिथे लंगडं पडलं.

आता मूळ आणि नक्कल

ऑक्सफर्डमध्ये २०११साली एका गटाने चौदा जणांना स्कॅनरमध्ये रेम्ब्रांटची म्हणून ओळखली जाणारी व्यक्तिचित्रं दाखवली. काही खरी रेम्ब्रांटची, काही इतरांनी काढलेली. प्रत्येक चित्राआधी ‘अस्सल’ किंवा ‘नक्कल’ असं सांगितलं जाई, कधी खरं, कधी खोटं. चित्र प्रत्यक्षात अस्सल आहे की नाही याने मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात फरक पडला नाही. फरक पडला तो सांगण्याने. ‘नक्कल’ म्हटलं की मेंदूचे काही भाग अधिक कामाला लागत, बहुधा माणूस दोष शोधू लागे म्हणून. त्या भागांपैकी एक होता उजवा प्रीक्युनिअस. द हेगच्या बातमीत जो अस्सल व्हर्मीरपुढे जागा झाला म्हणून गाजला, तोच. मीटररूममध्ये उभं राहून घरातला स्वयंपाक सांगू नये तो यासाठी.

द हेगचा निष्कर्ष खोटा आहे असं मी म्हणत नाही. मूळ चित्र आणि पोस्टर यांत रंगाचे थर, चमक, आकार, खोलीतला उजेड असे खरोखरीचे फरक असतात, आणि ते डोळ्यांना दिसतात. पण त्या प्रेक्षकांना हेही ठाऊक होतं, की आपण जगप्रसिद्ध मूळ चित्रापुढे उभे आहोत आणि ते पोस्टर आहे. दहा पटीतलं किती डोळ्यांचं आणि किती ठाऊक असण्याचं, हे वेगळं काढता येत नाही. १८८१च्या लिलावात ठाऊक असण्याचा भाग शून्य होता, वर चित्र मळलेलं. १९३७मध्ये ब्रेडियस यांना खोटी गोष्ट ठाऊक होती आणि तिने आपलं काम चोख केलं.

म्हणजे कलेचा मान हा सगळा लेबलाचा खेळ, असं कोणी म्हणेल. अमेरिकन तत्त्वज्ञ आर्थर डांटो यांनी हाच धागा उलट्या बाजूने ओढला. १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत अँडी वॉरहॉलने साबणाच्या खोक्यांच्या लाकडी प्रतिकृती मांडल्या. दुकानातलं खोकं आणि हे, डोळ्यांना जवळपास सारखं. डांटो म्हणाले, कलाकृती कोणती हे डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांवरून ठरत नाही. ती कशाबद्दल आहे, कोणत्या इतिहासातून आली, यावरून ठरते. तसं असेल तर कृतीबद्दलचं ज्ञान ही अनुभवात मिसळलेली भेसळ नव्हे, तो अनुभवाचाच घटक झाला. ऑक्सफर्डचा प्रयोग डांटोंना सिद्ध करत नाही. पण डोळे आधी स्वच्छ पाहतात आणि माहिती मागाहून येऊन बिघडवते, या भाबड्या समजुतीला तो धक्का देतो.

‘शेवटी सगळी सवयच ना?’

हा आक्षेप मात्र दमदार आहे, आणि त्याच्याशी झालेला सामना मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यात स्कॅनर नाही.

१९६८मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दाखवलं, की कुठलीही गोष्ट वारंवार नजरेखालून गेली की ती अधिक आवडू लागते. कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स कटिंग यांनी हे अभिजात चित्रांना लावून पाहिलं. १८९४मध्ये वारलेला श्रीमंत चित्रकार कायबोत याने आपल्या मित्रांची, म्हणजे मोने, रेन्वार, देगा, पिसारो यांची चित्रं फ्रेंच सरकारला दिली. सरकारने त्यांतली काही ठेवली. ती संग्रहालयात लागली, पुस्तकांत छापली गेली आणि तीच ‘थोर’ झाली. कटिंग यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांत कोणतं चित्र किती वेळा छापलंय ते मोजून काढलं. विद्यार्थ्यांना जास्त छापलेली चित्रं जास्त आवडत. मग एका वर्गात सत्रभर त्यांनी कमी छापलेली चित्रं, एक शब्दही न बोलता, थोडे थोडे क्षण दाखवली. सत्राच्या शेवटी प्रसिद्ध चित्रांची बढत संपली होती. हा प्रयोग २००३मध्ये छापून आला.

जे चांगलं ते काळाच्या कसोटीवर टिकतं, या ह्यूमच्या म्हणण्याचं काय राहिलं मग? जे टिकलं ते चांगलं होतं म्हणून टिकलं, की टिकलं म्हणून चांगलं वाटू लागलं?

उत्तर तत्त्वज्ञांनीच दिलं, आणि आरामखुर्चीतून उठून दिलं. ॲरन मेस्किन, मार्क फेलन, मार्गारेट मूर आणि मॅथ्यू कीरन यांच्या लक्षात आलं, की कटिंग यांची सगळी चित्रं मुळात चांगलीच होती. वाईट चित्रं वारंवार दाखवली तर? त्यांनी थॉमस किंकेडची चित्रं घेतली: झगमगती खोपटी, गुलाबी आकाश, अमेरिकेत घराघरांत लागलेली आणि समीक्षकांनी नाकारलेली. जोडीला एकोणिसाव्या शतकातल्या जॉन एव्हरेट मिलेची कमी प्रसिद्ध निसर्गचित्रं. तीच पद्धत, वर्गात गुपचूप दाखवायची. मिलेची आवड घटली नाही. किंकेडची चित्रं जितकी जास्त वेळा दिसली, तितकी ती कमी आवडली.

सवयच सगळं करत असती तर किंकेडही वर गेला असता. वारंवार पाहिल्याने माणूस चित्रातलं काहीतरी टिपत जातो, आणि टिपण्यासारखं नसेल तर तेही टिपतो. ह्यूमच्या ‘पुष्कळ पाहिलेल्या’ जाणकाराला इथे आधार मिळतो, तोही वर्गातल्या साध्या पोरांकडून. अर्थात चित्रकार दोनच, त्यामुळे मिरवणूक काढण्याइतकं हे पक्कं नाही.

आणि कलेची मजा जाईल ती?

हे बहुतेकदा विचारलं जातं. इंद्रधनुष्याचं भौतिकशास्त्र कळल्यावर कोणी खिडकीशी जायचं थांबलेलं नाही. पुढे जाऊ.

जास्त अवघड आहे तो अँड्रिया हॅल्पर्न आणि सहकाऱ्यांचा २००८मधला प्रयोग. अल्झायमर झालेल्या लोकांना त्यांनी चित्रांची पोस्टकार्डं दिली आणि आवडीच्या क्रमाने लावायला सांगितली. दोन आठवड्यांनी तीच पुन्हा दिली. ही कार्डं आपण पाहिली आहेत याची त्यांना आठवण नव्हती. तरी लावलेला क्रम निरोगी माणसांइतकाच आधीच्या क्रमाशी जुळणारा होता.

ह्यूमच्या जाणकाराला तुलना लागते आणि तुलनेला आठवण. या रुग्णांजवळ ती नाही, पसंती मात्र ठाम. आवड आणि जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उरली ती नुसती आवड, असं यावरून म्हणता येईल. किंवा जाण एकदा मुरली की आठवणीशिवायही चालते, असंही म्हणता येईल. दोन्हींतलं खरं कोणतं हे ठरवायला मी अशा रुग्णांना मिले आणि किंकेड यांची कार्डं देईन, पुन्हा पुन्हा, काही आठवडे. ती पाहिल्याचं ज्यांना आठवतच नाही, त्यांच्या मनातून किंकेड तरीही उतरत गेला, तर तत्त्वज्ञांना जाणकाराची व्याख्या नव्याने लिहावी लागेल. या प्रयोगाला स्कॅनर लागत नाही, पोस्टकार्डांचा एक गठ्ठा पुरतो.